फोटो साफ आहे

गेलीं अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत आहें. हा विषय शिकविणाऱ्या माणसाला एक खोड लागते. घरांत, बाजारांत, आगगाडीच्या डब्यांत, जेथें म्हणून दोन माणसें बोलत असतील तेथें त्याचा कान त्यांच्या बोलण्यांतील दोष टिपूं लागतो. "ढग आले नाहींत, म्हणजे पाऊस नाहीं", "पोरगा गप्प आहे, म्हणजे चूक त्याचीच", असलीं वाक्यें कानांवर पडलीं कीं मनांतल्या मनांत लाल पेन्सिल उचलण्याचा मोह मला आवरत नाहीं. माझ्या पत्नीला ही खोड ठाऊक असल्यामुळें ती माझ्यासमोर 'म्हणजे' हा शब्द शक्यतों वापरीत नाहीं. अशा ह्या माझ्यासारख्या माणसानें स्वतःच्या घरांत, स्वतःच्या धाकट्या भावाच्या बाबतींत, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेंही करूं नये असा हेत्वाभास केला, आणि केला तो केला, वर सहा महिने निष्ठेनें सांभाळला, ही हकीकत मला सांगावयाची आहे.

हा धाकटा भाऊ बापू. खामगांवच्या बाजार समितींत त्याचें अडतीचें दुकान आहे. आमचें गांव कापसाचें. १८७० सालीं लॉर्ड मेयो येथें येऊन जलंबहून खामगांवपर्यंतचा आगगाडीचा फांटा उघडून गेला तो कापसाकरितां. प्रवाशांची सोय मागाहून कोणाला तरी आठवली असावी. आतां कापसाच्या जोडीला सोयाबीन आणि तूर आलीं आहेत, पण बाजाराची रीत तीच. बापूची ह्या बाजारांत कीर्ति होती ती तोंडी हिशोबाची. काट्यावर वजन झालें, भाव पुकारला गेला, कीं हमाली व तोलाई वजा जातां शेतकऱ्याच्या हातीं किती पडावयाचे तें बापू कागदाला पेन्सिल लागण्यापूर्वीं सांगे, आणि मुनिमानें मागाहून केलेली पट्टी त्याच्याशीं रुपया-पैशानें जुळे. लहानपणीं मला पाढे पाठ करावे लागत. त्याला ते आपोआप येत. ह्या एका गोष्टीचा मला चाळीस वर्षें हेवा वाटत आला आहे. हें आतांच लिहून टाकणें बरें. कारण पुढें मीं जें केलें त्यांत ह्या जुन्या हेव्याचा हात अगदींच नव्हता असें मला शपथेवर सांगतां येणार नाहीं.

२०२२ सालच्या श्रावणाच्या अखेरीस बापू एका संध्याकाळीं शेगांवहून मोटारसायकलवर परत येत होता. रस्ता अर्ध्या तासाचा. दिवेलागणीच्या सुमारास डाव्या हाताच्या शेतांतून एक रोही उडी घेऊन रस्त्यावर आला. (नीलगाईला आमच्या वऱ्हाडांत रोही म्हणतात.) त्याला चुकवितांना गाडी घसरली आणि बापू डोक्यावर आपटला. हेल्मेट घरीं खुंटीवर होतें. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें तें डोक्यावर असावयास पाहिजे. परंतु आमच्याकडे हें कलम बहुतेक घरांत खुंटीच पाळते. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानें बापूला उचललें. पांच-सात मिनिटें शुद्धि नव्हती असें तो म्हणाला. खामगांवांत प्रथमोपचार झाले, दोन उलट्या झाल्या, आणि त्याच रात्रीं त्याला अकोल्यास नेऊन डोक्याचा सी. टी. काढण्यांत आला.

मी तेथें पोहोंचलों तेव्हां रात्रीचे अकरा वाजले होते. तरुण डॉक्टर बाहेर आले आणि शांतपणें म्हणाले, "आत्तां तरी धोक्याचं कांहीं दिसत नाहीं. दोन दिवस लक्ष ठेवूं." आम्ही सर्वांनीं हें ऐकलें, आणि ऐकलें तें असें: धोका नाहीं. 'आत्तां तरी' आणि 'दिसत' हे दोन शब्द त्या ओसरीवरच कोठें तरी गळून पडले. दुसऱ्या दिवशीं जो इंग्रजी अहवाल हातीं आला त्यांतही लिहिणाऱ्यानें जपून लिहिलें होतें, कीं कवटीच्या आंत रक्तस्रावाचा पुरावा आढळला नाहीं. मीं तो वाचून घरीं फोन केला, "रक्तस्राव नाहीं. फोटो साफ आहे." अहवालाचें इंग्रजी मला समजलें नाहीं असें म्हणण्याची सोय नाहीं, इंग्रजी पुस्तकांवरच माझा जन्म गेला आहे.

ह्या सी. टी. यंत्राची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. तशी निंदा कृतघ्नपणाची होईल. आमचे वडील क्रिकेटचे वेडे होते. मार्च १९६२ मध्यें बार्बाडोस येथें चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्याला लागला, ही हकीकत त्यांनीं आम्हांला किती वेळां सांगितली असेल ह्याची गणती नाहीं. कवटीच्या आंत रक्त सांचूं लागलें, शस्त्रक्रिया करावी लागली. प्रतिपक्षाचा कप्तान फ्रँक वॉरेल ह्यानें रक्त दिलें, आपल्याकडील चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी ह्यांनीं दिलें. आमच्या धाकट्याला बापू म्हणूं लागले तें ह्याच नाडकर्णींवरून. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पण पुन्हां कसोटी सामना खेळले नाहींत. त्या काळीं डॉक्टरला कवटीच्या आंत डोकावण्याची सोय नव्हती. बाहुली मोठी झाली का, नाडी मंदावली का, हांकेला ओ मिळते का, असल्या बाह्य खुणांवरून आंतल्या अनर्थाचें अनुमान करावें लागे. पुढें इंग्लंडांतील इ. एम. आय. ह्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांकरितां प्रसिद्ध असलेल्या कंपनींतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या इंजिनिअरनें क्ष-किरण डोक्याभोंवतीं फिरवून, त्यांतले किती कोठें शोषले गेले ह्याचा गणकयंत्रानें हिशोब मांडून, मेंदूचा आडवा काप कागदावर उतरविण्याची युक्ति काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याचें असें चित्र निघालें, आणि १९७९ चें नोबेल पारितोषिक त्याला व ॲलन कॉर्मॅक ह्याला मिळून देण्यांत आलें. ताजें रक्त ह्या चित्रांत पांढरें दिसतें. चमचाभर रक्त जरी सांचलें असलें तरी कांहीं मिनिटांत कळतें, आणि शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं हें ठरतें. अपघाताच्या रात्रीं विचारावयाचा प्रश्न हाच असतो, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनीं तोच विचारला. त्यांचें कोठेंही चुकलें नाहीं. आम्हीं मात्र एका प्रश्नाचें उत्तर घेऊन तें भलत्याच प्रश्नाला चिकटविलें.

बापू घरीं आला. जखम पंधरा दिवसांत भरली. डोळ्यांना उजेड सोसेना म्हणून तो दुपारीं खिडक्या लावून पडूं लागला. लोक म्हणाले, विश्रांति हवीच. महिना झाला तरी तो दुपारीं पडूनच राही. तेव्हां लोकांचा सूर थोडा बदलला. बोलतांना मधेंच शब्द हरवे. नातवानें भांडें पाडलें तर एरवीं जो हंसला असता तो ताडकन् उठून ओरडे, आणि मग तासभर भिंतीकडे तोंड करून बसे. दसऱ्यानंतर कापूस यावयास लागला. दुकानांत बसल्यावर पहिला तास बरा जाई. नंतर चार माणसें एकदम बोलूं लागलीं कीं त्याला त्यांतले एकाचेंही धड ऐकूं येईना. एकदां एका शेतकऱ्याच्या पट्टींत एक क्विंटलच गळाला. तो शेतकरी दुसऱ्या दिवशीं दुकानाच्या पायरीवर उभा राहून चारचौघांत बोलला, आणि तें बोलणें साहजिक होतें. त्या दिवसापासून बापूनें गल्ला मुलाच्या हातीं दिला.

आमच्या घरांत तोंपर्यंत एक निकाल होऊन गेला होता. कोणी तो मोठ्यानें वाचून दाखविला नव्हता, इतकेंच. आई म्हणे, दृष्ट लागली. मुलगा म्हणे, बाबांनीं धसका घेतला. मी म्हणें, आळसाला निमित्त सांपडलें. तिघांच्याही मतांचा पाया एकच, कीं फोटो साफ आहे.

नरकचतुर्दशीला सगळे फराळाला बसलों होतों. बापू उशिरां आला, बसला, आणि मुलांच्या फटाक्यांचा आवाज होतांच कानांवर हात ठेवून उठूं लागला. माझ्यांतला शिक्षक जागा झाला. मी म्हणालों, "बापू, बैस. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे ना, फोटो साफ आहे म्हणून? आता हे सगळं मनाचं आहे. मन घट्ट कर."

बापूनें माझ्याकडे पाहिलें. त्याच्या नजरेंत राग नव्हता; असता तर मला सोपें गेलें असतें. "दादा," तो म्हणाला, "फोटो साफ असन. पण माह्यं डोकं साफ नाई."

तो आंत निघून गेला. त्याच्या मागोमाग त्याची बायको उठली. दारांत थांबून, माझ्याकडे न पाहतां ती म्हणाली, "भाऊजी, रात्री उठून बसतात ते. अंधारात पाढे म्हणतात. सतराच्या पाढ्यात अडकतात, मग पुन्हा पहिल्यापासून." मी करंजी खात होतों. ती मीं संपविली.

ह्या गोष्टीला कलाटणी मिळाली ती माझ्या बुद्धीनें नव्हे. फाल्गुनांत नागपुरास एका लग्नाला गेलों असतां माझ्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा भेटला. तो तेथें असलीं चित्रें काढण्याच्या व वाचण्याच्या शाखेंत डॉक्टर आहे. बापूची चौकशी निघाली; मीं माझें ठरलेलें वाक्य म्हटलें. तो पोरगा (वय तीस असेल) नम्रपणें म्हणाला, "काका, सी. टी. साफ असणं आणि मेंदूला इजा नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मांडवांत सनई वाजत होती, आणि माझा स्नेही मला जेवायला चला म्हणून ओढीत होता. अठ्ठावीस वर्षें जें मीं फळ्यावर लिहिलें तें ह्या मुलानें मला दोन ओळींत परत केलें होतें.

पुढल्या आठवड्यांत बापूला घेऊन मी नागपुरास गेलों. एम. आर. आय. च्या खोलींत शिरण्यापूर्वीं अंगावरचा सर्व धातु उतरवावा लागतो. बापूनें घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा काढून दिला. बोटांतली चांदीची अंगठी काढतांना मात्र तो कुरकुरला. खामगांवचा माणूस चांदी सहजासहजीं सोडीत नाहीं. शिवाय चांदीला चुंबक ओढीत नाहीं हें त्यालाही ठाऊक होतें. पण धातु चुंबकाला जुमानत नसला तरी यंत्राच्या लहरींनीं तापूं शकतो, असें तेथील बाईंनीं समजावून सांगितल्यावर ती अंगठी माझ्या खिशांत आली. नियम उगीच केलेले नाहींत. २०१८ च्या जानेवारींत मुंबईंतील एका रुग्णालयांत प्राणवायूची लोखंडी नळकांडी अशा खोलींत नेली गेली, आणि ती नेणारा तरुण नळकांडीसकट यंत्राकडे खेंचला जाऊन प्राणास मुकला. ज्या यंत्रांत बापू निजला त्याची शक्ति तीन टेस्ला होती. पृथ्वीचें जें चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवितें त्याच्या साठ हजार पटींच्या आसपास. अर्धा तास आंतून जिनिंगच्या कारखान्यासारखा ठोकण्याचा आवाज येत होता. कानांत बोळे घालूनही हा आवाज त्याला कसा सोसत असेल ह्या विचारानें मी बाहेर येरझाऱ्या घालीत होतों. दिवाळीचे फटाके मला तेव्हां आठवले.

तासाभरानें त्या तरुण डॉक्टरनें आम्हां दोघांना पडद्यासमोर बसविलें. प्रथम नेहमींचीं चित्रें दाखविलीं. त्यांत मला कांहीं वेगळें दिसलें नाहीं, आणि तोही म्हणाला कीं फारसें नाहींच. मग त्यानें दुसरी एक माळ उघडली. तोच मेंदू, पण त्यांत शिरांचें जाळें काळ्या रेघांनीं काढल्यासारखें उमटलें होतें. आणि कपाळामागच्या भागांत, करड्या आणि पांढऱ्या थराच्या सीमेवर, शिरांशीं संबंध नसलेले बारीक काळे ठिपके. मोहरीसारखे. एक ठिपका दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलांत होता. डॉक्टर पेन्सिलीचें टोंक लावून मोजूं लागला. त्याच्या अगोदर बापू म्हणाला, "सात."

ह्या ठिपक्यांची कूळकथा मीं नंतर मिळेल तेथून वाचली, आणि ती मला एखाद्या चांगल्या रहस्यकथेसारखी वाटली. डोकें आपटून गर्रकन् वळतें तेव्हां मेंदूचे कमीअधिक घनतेचे थर एकमेकांवरून सरकतात. त्यांच्या सीमेवरचे तंतु ताणले जातात, आणि केंसाहून बारीक अशा रक्तवाहिन्या फाटतात. जें रक्त बाहेर येतें तें थेंबाहूनही कमी. सी. टी. च्या चित्रांत शेजारच्या निरोगी भागाशीं सरासरी होऊन तें बेपत्ता होतें, आणि कांहीं दिवस गेले म्हणजे त्याचा पांढरेपणाही उतरतो. १९५६ सालीं सबीना स्ट्रिच ह्या विदुषीनें अपघातानंतर बुद्धि गमावलेल्या रोग्यांच्या मेंदूंत तुटलेले तंतु दाखविले ते सूक्ष्मदर्शकाखालीं, आणि अर्थात् ते रोगी मेल्यावर. जिवंतपणीं तें दिसण्याचा मार्ग निघाला तो रक्तांतल्या लोखंडामुळें. मायकेल फॅरडे ह्यानें १८४५ सालींच रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलें होतें, आणि लोह असूनही तें ओढलें जात नाहीं हें पाहून त्याला नवल वाटलें होतें. त्या कोड्याचें उत्तर मिळावयास एक्याण्णव वर्षें लागलीं. १९३६ सालीं लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल ह्यांनीं दाखविलें कीं प्राणवायूनें भरलेलें रक्त चुंबकाला दाद देत नाहीं, परंतु प्राणवायु सोडून दिलेलें रक्त देतें. वाहिनीबाहेर सांडलेल्या रक्ताची हीच गत होते. त्याचा प्राणवायु जातो, पेशी फुटतात, सफाई करणाऱ्या पेशी तो मळ गिळतात, आणि शेवटीं हिमोसायडेरिन नांवाचा लोहयुक्त गंज त्या जागीं वर्षानुवर्षें पडून राहतो.

पॉल लॉटरबर ह्यानें १९७३ सालीं चुंबकाच्या साहाय्यानें चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली; पीटर मॅन्सफील्डसह त्याला २००३ चें नोबेल मिळालें. ह्या यंत्रांत शरीरांतल्या पाण्याचे कण तालावर डोलतात, आणि त्यांच्या डोलण्याचा जो सूर उठतो त्याचें चित्र बनतें. गंजाच्या कणाशेजारीं चुंबकक्षेत्र किंचित् वांकडें होतें, तेथल्या कणांचा ताल चुकतो, सूर बुडतो, आणि चित्रांत काळोख पडतो. गंमत पुढेंच आहे. हा ताल किती चुकला ह्याची नोंद यंत्र पहिल्यापासून करीतच होतें; परंतु ती निरुपयोगी समजून बहुधा टाकून देण्यांत येई. मार्क हाके, युर्गेन रायकेनबाख आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत ती टाकाऊ नोंद उचलली, चित्राशीं गुणली, आणि २००४ सालीं ह्या पद्धतीला 'ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग' असें नांव देऊन ती मांडली. ह्या चित्रांत ठिपका आहे त्याहून मोठा दिसतो, कारण गंज एवढासा असला तरी त्याच्याभोंवतालचा बिघडलेला प्रदेश मोठा असतो. हें वाचतांना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलों. घराचेंही तसेंच झालें होतें.

त्या तरुण डॉक्टरचा एक गुण मला विशेष आवडला, तो म्हणजे त्यानें ह्या ठिपक्यांचें भांडवल केलें नाहीं. तो म्हणाला, असे ठिपके जुन्या रक्तदाबानेंही पडतात, म्हातारपणीं वाहिन्या ठिसूळ झाल्यानेंही पडतात. त्यांची जागा, माणसाचें वय आणि हकीकत पाहून ठरवावें लागतें. तो म्हणाला, ठिपके असून ठणठणीत असलेलीं माणसें आहेत, आणि एकही ठिपका नसतां ज्यांचें आयुष्य विसकटलें आहे अशींही आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं २०१९ सालीं ४३९ जखमींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश लोकांच्या मेंदूंत असे सूक्ष्म रक्तस्राव होते, आणि ज्यांच्यांत होते त्यांच्यांत पुढें अपंगत्व राहण्याचा संभव अधिक आढळला. त्यांपैकीं एक रोगी पुढें वारला, तेव्हां त्याचा मेंदु प्रत्यक्ष तपासण्यांत आला. चित्रांत दिसलें होतें त्याच्या पलीकडेही वाहिन्यांच्या कांठानें लोह पसरलेलें सांपडलें. म्हणजे हें बारीक पाहणारें यंत्रदेखील सगळें पाहत नाहीं. ('म्हणजे' हा शब्द मीं येथें विचार करून वापरला आहे.) औषधाचें विचारलें तेव्हां त्यानें सरळ सांगितलें कीं हे डाग पुसणारें औषध नाहीं. झोंप नीट घ्यावी, काम तुकड्यातुकड्यानें करावें, लक्षांत ठेवण्याचा भार वहीवर टाकावा, रक्तदाब सांभाळावा, आणि डोक्याला दुसरा मार कदापि लागूं देऊं नये.

त्या रात्रीं नागपुरांत मला झोंप लागली नाहीं. दरवर्षीं जुलै महिन्यांत मी प्रमाणांचा पाठ घेतों. कुमारिलभट्टाच्या अनुयायांनीं सहा प्रमाणें मानलीं. त्यांतलें शेवटचें अनुपलब्धि. जमिनीवर घडा दिसत नाहीं, म्हणून घडा नाहीं, असें ज्ञान ह्या प्रमाणानें होतें. मुलांना हें फार सोपें वाटतें. मग मी वर्गाच्या खिडक्या लावावयास सांगतों, दिवे घालवतों, आणि विचारतों, "आतां टेबलावर खडू दिसतो का? नाहीं ना? मग खडू नाहीं असें म्हणाल का?" मुलें हंसतात, आणि मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितों : योग्यानुपलब्धि. वस्तु असती तर जेथें आणि ज्या साधनानें ती दिसलीच असती, तेथें ती न दिसणें हाच तिच्या अभावाचा पुरावा, एरवीं नव्हे. प्रयोग मुलांना आवडतो. गेल्या अनेक वर्षांत तो एकदांही फसलेला नाहीं.

त्याच पाठांत अनुपलब्धीच्या आधीं शब्दप्रमाण येतें. आप्ताचें वाक्य प्रमाण. आप्त कोण? ज्याला विषयाचें प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि जो तें जसेंच्या तसें सांगतो तो. बापूच्या डोक्यांत काय चाललें आहे ह्याचें प्रत्यक्ष ज्ञान बापूवांचून दुसऱ्या कोणाला असणार, आणि खोटें सांगून त्याला काय मिळावयाचें होतें? बाजारांतली पत गेली, गल्ला गेला, नातू जवळ येईना. आप्त ह्या शब्दाचा मराठींत दुसराही एक अर्थ आहे, तो मीं वर्गांत कधीं सांगितला नाहीं. कारण तो परीक्षेला येत नाहीं.

खामगांवास परतल्यावर बापूनें तें चित्रांचें मोठें पाकीट जवळजवळ पंधरा दिवस काखेंतून खालीं ठेवलें नाहीं. आईला दाखविलें, तिनें तें खिडकीच्या उजेडाला धरून, प्रत्येक ठिपक्यावर हळूच बोट ठेवून विचारलें, "इथं दुखते का रे?" मुलाला दाखविलें, तो कांहींच बोलला नाहीं, पण त्या रात्रीं त्यानें वडिलांचें अंथरूण घातलें. मग तें पाकीट बाजारांत गेलें. ज्यानें पायरीवर उभें राहून बोल लावले होते तो शेतकरी तूर घेऊन आला होता. बापूनें त्यालाही बसवून सातही ठिपके दाखविले. तो भला माणूस वरमला. म्हणाला, "हे अगुदरच सांगाचं ना, मालक!"

"सांगूनच राह्यलो होतो," बापू म्हणाला.

गांवानें त्याला क्षमा केली, असें मला वाटतें. क्षमेची गरज त्याला होती कीं गांवाला, हा प्रश्न वेगळा. मीही त्याच्या घरीं जाऊन, जमेल तशा शब्दांत, दिवाळीच्या दिवसाचा विषय काढला. तो चहा पीत होता. मधेंच मला थांबवून त्यानें विचारलें, "दादा, ठिपके निघाले नसते, तं काय केलं असतं तुमी?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. खरें सांगावयाचें तर उत्तर मला ठाऊक होतें, आणि त्यालाही. दुसरा फोटो साफ निघता तर पहिल्या फोटोच्या जोडीला तो ठेवून मी अधिकच आत्मविश्वासानें बोललों असतों. चहा निवून गेला. त्याच्या बायकोनें तो पुन्हां गरम करून आणला.

आतां ह्या गोष्टीला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. बापू पुष्कळ सुधारला आहे. पूर्वींसारखा झाला असें मी म्हणत नाहीं. तोही म्हणत नाहीं. सकाळचे तीन तास तो दुकानांत बसतो, एका वेळीं एकाच माणसाशीं बोलतो, आणि सगळें लिहून ठेवतो. मोटारसायकल मुलगा चालवितो. मागें बसणाऱ्या बापूच्या डोक्यावर हेल्मेट असतें, आणि तें घालतांना आई अजून दृष्टीची मीठ-मोहरी विसरत नाहीं. हंगामांत, शनिवारीं कॉलेज लवकर सुटलें कीं मी दुकानांत जाऊन त्याच्या शेजारीं बसतों. वजन आणि भाव मी वाचून दाखवितों. तो लिहितो, बेरीज करतो, आणि पट्टी माझ्याकडे सरकवितो. मी ती पहिल्यापासून तपासतों. गेल्या शनिवारीं घाई होती. गाड्या थांबल्या होत्या, एक शेतकरी गाडीच्या वेळेकरितां चुळबुळत होता, म्हणून एक पट्टी मींच करून त्याच्या हातीं देऊं लागलों. बापूनें मधेंच हात घालून ती घेतली, चष्मा कपाळावरून खालीं ओढला, आणि ओळीओळीवर बोट ठेवीत सावकाश वाचली. शेतकरी थांबला, मीही थांबलों.

"दादा," तो म्हणाला, "तोलाई राह्यली."